ढाक्याला निघालेला माणूस

आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरूला आले, असं आमच्या घरात सांगतात. फौजेत ते नक्की काय करत होते हे मात्र कुणी सांगत नाही. माझा अंदाज, तंबू शिवत असावेत. त्यानंतर पावणेचारशे वर्षं घराण्यातलं कुणी फारसं हललेलं नाही. वडील एकदा काशीला निघाले होते. नागपुरात पोट बिघडलं म्हणून परत आले, आणि पुढे जन्मभर ‘आम्ही काशीला गेलो होतो तेव्हा’ अशी सुरुवात करून बोलत राहिले.

त्यांचाच मी मुलगा, शेषगिरी. वय छप्पन. महादेवपुऱ्यात काचेच्या आयटी पार्कांच्या मागे पत्र्याचं एक मोठं शेड आहे, तिथं एकतीस वर्षं नोकरी. कपड्यांच्या कारखान्यांना काज करायची मशीनं विकायची आणि ती बिघडली की जाऊन दुरुस्त करायची, हा आमचा धंदा. विकायचं काम मालक करतात, दुरुस्तीचं मी. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते भोक. माणसं बटणाकडे बघतात, भोकाकडे कुणी बघत नाही, आणि माझं आयुष्य त्या भोकात गेलं.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात ढाक्याजवळच्या गाझीपूरमधल्या एका कारखान्याला आम्ही आठ मशीनं पाठवली. त्यातली दोन टाके सोडायला लागली. कुणीतरी पंधरा दिवस जाऊन यायला हवं, असं आमचे मालक मंजुनाथ यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. अशा वेळी प्रणीत जातो. तो पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, कोलंबो आणि हनोई करून आलेला. तो मान डोलावणार इतक्यात मी म्हणालो, “या वेळी मी जातो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही जरा दचकलोच.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझा मेहुणा श्रीवत्स बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि त्याने बावीस देश पाहिलेत. त्याच्या फ्रिजला प्रत्येक देशाचं एकेक चुंबक चिकटवलेलं आहे. त्याच्याकडे जेवायला गेलं की पाणी घ्यायलासुद्धा बावीस देश ओलांडून जावं लागतं. माझा पासपोर्ट नऊ वर्षांपूर्वी काढलेला, आत एकही शिक्का नाही. पाच-सहा दिवस मी मालकांच्या मागे लागलो, ज्येष्ठतेचा मुद्दा काढला, दोनदा रुसलो. शेवटी ते कन्नडात “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले, “तुम्हीच जा.” प्रणीत नेहमीसारखा चांगला वागला. “ऑल युवर्स, सर,” म्हणाला. भांडून मिळवलेला हा दौरा. तिकीट निघालं बावीस जुलैचं.

जुलै उजाडला आणि ढाक्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले.

सुरुवातीला मी बातम्या शांतपणे पाहत होतो. मग थोड्या जवळून पाहू लागलो. मग वसुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगितलं की मी जेवताना घास हातात धरून बसतो. त्या रविवारी श्रीवत्सकडे जेवण होतं. तो मला कन्नडातल्यासारखं ‘भावा’ म्हणतो, म्हणजे बहिणीचा नवरा.

“भावा, जाऊ नका,” तो म्हणाला. “मी इतके देश फिरलो, पण असल्या वेळी मीसुद्धा जाणार नाही.”

हे त्याने म्हणायला नको होतं. एवढं तो बोलला नसता तर मी दुसऱ्या दिवशी मालकांना पाठदुखीचं सांगितलं असतं. मनात वाक्यही तयार होतं.

“मशीनं थांबलीयत श्रीवत्स,” मी म्हणालो. “जायलाच हवं.” आणि वर त्यांच्या आंदोलनाची पार्श्वभूमी सगळ्यांना समजावून सांगितली, अर्धा तास. त्यातलं निम्मं मी आदल्या दिवशी वाचलं होतं आणि निम्मं बोलता बोलता सुचलं. वसुमती खाली मान घालून भात कालवत होती. येताना गाडीत एवढंच म्हणाली, “पाठीला काही होत नाही ना?” एकोणतीस वर्षांच्या संसारात माणसाला काही झाकून ठेवता येत नाही.

मग तयारी सुरू झाली. मी आमच्या बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेलो. पोटाला बांधायचा पट्टा घेतला, बॅटरी घेतली, शिट्टी घेतली. शिट्टी कशाला हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मलाही नीट माहीत नव्हतं. बुटांच्या दुकानात माणसाने विचारलं, “वॉकिंगचे की रनिंगचे?”

मी म्हटलं, “ते तिथं गेल्यावर ठरेल.”

त्याने दोन्हींच्या मधले एक दिले. ते चावत होते, पण इतक्या गंभीर कामाला निघालेल्या माणसाने बूट चावतात अशी तक्रार करणं मला बरं दिसेना.

घरी वसुमतीची वेगळी तयारी चालली होती. तिला गोळीबाराची काळजी नव्हती, माझ्या पोटाची होती. संचारबंदी म्हणजे दुकानं बंद, एवढाच तिने अर्थ घेतला आणि पंधरा दिवसांचा शिधा बांधायला घेतला. चटणीपूड, अवलक्की म्हणजे भाजलेले पोहे, मेतकूट, लिंबाचं लोणचं. एक विजेची किटली. बद्धकोष्ठासाठी इसबगोल, जुलाबासाठी गोळ्या. “दोन्हींपैकी एक होणारच,” ती म्हणाली.

तिच्यासाठीही काहीतरी व्यवस्था करून जावी असं मला वाटलं. माझं काही बरंवाईट झालं तर घर कसं चालेल, या विचाराने माझा मलाच गहिवर आला. मी तिला पाण्याची मोटर कशी लावायची ते दाखवायला खाली घेऊन गेलो.

“डावीकडचं बटण,” ती म्हणाली. “तुम्ही बावीस वर्षं उजवीकडचं दाबताय आणि मग मला हाक मारताय.”

गॅसचा सिलिंडर बदलायचं मी दाखवायचं ठरवलं होतं, ते मग राहू दिलं.

गाझीपूरच्या कारखान्यातले मेकॅनिक होते तोफाज्जलभाई. जूनपासून आमचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. भाषा हिंदी. त्यांची बंगाली वळणाची आणि माझी कन्नड-मराठी वळणाची, त्यामुळे शब्दांपेक्षा मशीनच जास्त बोलायचं. ते फोन मशीनच्या पोटात धरायचे आणि मी इथून सांगायचो. माणूस कामाचा होता, तीनदा सांगावं लागत नसे. मी त्यांना परिस्थिती कशी आहे असं रोज विचारायचो आणि ते रोज म्हणायचे, “ठीक है साहेब, आप आइए.” याने माझं समाधान होत नसे. ठीक म्हणजे किती ठीक?

थोडंफार बंगाली यावं म्हणून मी फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं. त्याच्याकडून मी एक कार्ड तयार करून घेतलं. गर्दीत सापडलो तर दाखवायला: ‘मी शिलाई मशीनचा मेकॅनिक आहे. माझा राजकारणाशी संबंध नाही.’ लॅमिनेट करायच्या आधी तोफाज्जलभाईंना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: “साहेब, इसमें लिखा है, मैं सिलाई की मशीन हूँ.”

मजकूर त्यांनी दुरुस्त करून दिला. हसले असतील, पण मला ऐकू येईल असं हसले नाहीत.

गुरुवारी, अठरा तारखेला दुपारी त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. मागे लोकांच्या बोलण्याचा गलका होता.

“साहेब, काज बंधो,” ते म्हणाले. “सब काज बंधो.”

मी लगेच वही ओढली. आठही मशीनची काजं बंद पडली म्हणजे मोठीच भानगड. “घाबरू नका,” मी म्हणालो. त्या आठवड्यात हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हणायला मिळालं याचा आनंद माझा मला जाणवला. “झाकण काढा. सुई खाली येऊन वर जायला निघाली की लूपरचं टोक तिच्या मागून दोरा उचलतं. ते केसाएवढं उशिरा येत असेल. एकेक मशीन हाताने फिरवून बघा. आठही बघा. घाई करू नका.”

ते मधे काही बोलायला बघत होते. मी बोलू दिलं नाही. दहा मिनिटं मी त्यांना लूपर समजावून सांगितला. शेवटी ते म्हणाले, “ठीक है साहेब, देखता हूँ,” आणि फोन कटला.

मी खुशीत प्रणीतला सांगायला गेलो. आठही मशीनची काजं एकदम बंद पडली, पण मी सांभाळून घेतलं.

प्रणीतने हातातलं काम बाजूला ठेवलं. त्याचा खोलीतला जोडीदार कोलकात्याचा आहे. “सर,” तो म्हणाला, “बंगालीत काज म्हणजे काम. काम बंद आहे असं म्हणत असतील ते. फॅक्टरी बंद केली असेल.”

मी परत फोन लावला. लागला नाही. मेसेज पाठवला, एकच बारीक खूण उमटली आणि तशीच राहिली. संध्याकाळी बातमीत आलं की तिकडे इंटरनेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी संचारबंदी.

शुक्रवारी मंजुनाथांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही सीनियर आहात. जायचं की नाही, तुमचा निर्णय,” ते म्हणाले. मला हुकूम हवा होता. नको जाऊ असा कडक, लेखी हुकूम, जो श्रीवत्सला दाखवता येईल. निर्णय घ्यायचा म्हटल्यावर मी म्हणालो, “सोमवारपर्यंत बघू.” सोमवारचंच विमान होतं.

शनिवारी दुपारी विमान कंपनीचा मेसेज आला. कोलकात्याहून पुढचं उड्डाण रद्द. मी तो वसुमतीला वाचून दाखवला आणि कपाळाला हात लावून बसलो. “सगळी तयारी फुकट गेली,” असंही म्हणालो. तिने पान वाढलं. मी बिसीबेळे भात तीनदा घेतला.

“फार वाईट वाटतंय तुम्हाला,” ती तूप वाढत म्हणाली.

श्रीवत्सला मी फोनवर सांगितलं की कंपनीनेच ऐनवेळी कच खाल्ली. कुठली कंपनी, विमानाची की आमची, ते मी मोघम ठेवलं.

हे सगळं असंच संपतं तर माझ्यासारख्या माणसाला बरं झालं असतं. पण मनातून ती दहा मिनिटं जाईनात. फोन लागत नव्हता. मी दिवसातून पंधरा-वीसदा ती एक बारीक खूण बघायचो. बातम्यांमधली गर्दी आता मी वेगळ्या नजरेने बघत होतो. आधी त्या गर्दीत मी स्वतःला शोधायचो, आता तोफाज्जलभाईंच्या प्रोफाइल फोटोतला, चेक्सचा शर्ट घातलेला, बारीक मिशीचा एक माणूस शोधत होतो. ‘तुम्ही ठीक आहात ना’ असं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी विचारायचो, परिस्थिती कशी आहे. म्हणजे माझ्यासाठी कशी आहे.

पंचवीस तारखेला दुसरी खूण उमटली. मागोमाग त्यांचा फोन. कारखाना आदल्या दिवशी उघडला होता.

“साहेब, आपने बोला था ना, आठों देख लिया,” ते म्हणाले. “लूपर ठीक है.”

मला आधी कळेना. “कधी बघितलं?”

“उसी दिन.”

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या गुरुवारी मालकाने दुपारीच सगळ्यांना घरी सोडलं होतं. मला तेच सांगायला त्यांनी फोन केला होता, की काम बंद आहे, आता दोन-चार दिवस फोन करू नका. साहेबांनी आठही मशीनं बघायला सांगितली म्हणून हे मागे थांबले. झाकणं काढली, एकेक मशीन हाताने फिरवून पाहिलं, झाकणं लावली. बाहेर पडले तेव्हा बस नव्हती, रिक्षा नव्हती. घर नऊ किलोमीटर. हमरस्त्यावर धूर होता म्हणून शेतांच्या कडेने चालत गेले. घरी पोचायला संध्याकाळ उलटून गेली. बायको दारात उभी होती.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“आप बोल रहे थे,” ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. मी बोलत होतो, एवढंच खरं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, काही झालं नाही ना साहेब, आता त्या दोन मशीनचं काय करायचं ते सांगा. पुढचे आठ दिवस आम्ही दोघं फोनवरून त्या मशीनांच्या मागे लागलो. एक सुधारलं. दुसरं सुधारतंय असं वाटेपर्यंत पाच ऑगस्ट आला, तिकडचं सरकारच पडलं आणि पुन्हा सगळं थांबलं.

ऑक्टोबरच्या शेवटी कारखान्याने पुन्हा बोलावलं. विमानं सुरू झाली होती. निवळलंय म्हणत होते, पण पूर्ण निवळलं होतं असं नाही. दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे मोर्चा, आणि आता आपल्याकडच्या वाहिन्यांवर त्यांच्याबद्दल आणि त्यांच्याकडे आपल्याबद्दल बरंच गरम बोललं जात होतं. प्रणीत स्वतःहून माझ्याकडे आला.

“सर, मी जातो. ऑनेस्टली. तुमची फॅमिली आहे, बीपी आहे. कुणी काही म्हणणार नाही.”

इतकं चांगलं दार आयुष्यात क्वचितच कुणी आपल्यासाठी उघडून धरतं. मी त्या दाराकडे बराच वेळ बघितलं.

“नको,” मी म्हणालो. “त्या माणसाला मी एकदा उगाच थांबवून ठेवलंय.”

धीर आला होता असं कुणी समजू नये. भीती होती तेवढीच होती. लाज तिच्यापेक्षा थोडी जास्त झाली होती, इतकंच. व्हिसा पुन्हा काढावा लागला. रक्तदाब रोज मोजत होतो, आणि तो बघून वाढत होता. श्रीवत्सला मी सांगितलंच नाही. वसुमतीने शिधा निम्म्यावर आणला आणि म्हणाली, “या वेळी बोलत नाही आहात, म्हणजे जाणार.” विमानतळावर तिने माझी कॉलर सारखी केली आणि “पोचल्यावर फोन करा. आणि स्वल्प दुसऱ्याचंही ऐका,” असं सांगितलं.

ढाक्यात मला कुणी काही केलं नाही. कुणाचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही, जे मला किंचित लागलं. सगळ्यात मोठं संकट म्हणजे कारखान्यासमोरचा रस्ता ओलांडणं. पहिल्या दिवशी तोफाज्जलभाईंनी माझा हात धरून ओलांडायला लावला, सात वर्षांच्या पोराला लावतात तसा. फोनवर ते मला उंच वाटायचे. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढे. मशीनचा दोष दुसऱ्या दिवशी सापडला. खालच्या पट्टीचा एक स्क्रू बसवतानाच तिरका बसला होता. आमच्याकडूनच, म्हणजे माझ्याच हातून, पाठवताना. चाळीस मिनिटांत काम झालं. तिरका स्क्रू त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तो पुसून खिशात टाकला. त्यांच्या मालकाला सांगितलं, “सेटिंग का था.”

परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. मी मासे खात नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन खोल्यांचं घर. बायको रेहाना आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. वरण, भात, तीन प्रकारच्या भाज्या, पाटिसापटा नावाचं एक गोड धिरडं. मी इतकं खाल्लं की वसुमतीच्या दोन औषधांपैकी एक रात्री लागणार हे नक्की झालं.

जेवण झाल्यावर रेहानाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या हृदयाची झडप खराब आहे. बेंगळुरूच्या एका इस्पितळात दाखवायचं दोन वर्षांपासून ठरतंय. व्हिसा मिळेना झालाय, पण कधीतरी मिळेल म्हणून त्यांची तयारी चालू होती. कोपऱ्यात एक निळी बॅग उभी होती. नातेवाईक म्हणत होते, जाऊ नका, तिकडे सध्या आपल्या लोकांचं काही खरं नाही.

त्यांनी नवऱ्याला बंगालीत काहीतरी विचारायला सांगितलं. तोफाज्जलभाई जरा संकोचले.

“साहेब, ती विचारतेय, तिकडे पाणी आहे का? मार्चमध्ये तिने फोनवर बघितलं होतं. लोक टँकरपुढे घागरी घेऊन उभे होते.”

मी म्हणालो, आहे. आमच्या घरी आहे. उन्हाळ्यात एक महिना ओढाताण झाली होती.

“आणि रस्त्यात गाडी तीन-तीन तास अडकते म्हणतात. पेशंट असला तर काय करायचं?”

मी म्हणालो, पहाटे निघायचं.

“भाषा आली नाही तर लोक रागावतात?”

मी जरा विचार केला. मग सांगितलं, काही लोक रागावतात, बरेचसे नाही, आणि ‘स्वल्प’, म्हणजे कन्नडात थोडंसं, एवढा एक शब्द आला तरी रिक्षावाला मऊ होतो. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मोठी मुलगी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तो लिहून घ्यायला लागली.

रेहानाबाईंचं अजून समाधान झालेलं दिसत नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत हळूच काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणते, साहेब ठीक आहे म्हणतायत,” ते म्हणाले, “पण किती ठीक?”

मी खुर्ची पुढे ओढली, त्यांना समोर बसायला सांगितलं, आणि त्यांना काय काय विचारायचं आहे ते आधी सगळं ऐकून घेतलं.